पुलासाठी पाठ केलेलं भाषण

वक्तृत्व ही सरस्वतीची देणगी आहे. वलगावात ती खुशालराव पाटलाच्या वाट्याला आली, कारण बाकीचे कापूस वेचण्यात गुंतले होते.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव होता, आणि वलगावच्या गाड्या अमरावतीच्या बाजाराअलीकडे नाल्यात अडकत होत्या. मोठा साहेब दौऱ्यावर येणार होता. त्याच्याकडे पूल मागायचा, हे ठरलं. कसा मागायचा, एवढंच राहिलं.

शाळेचे पंतोजी म्हणाले, "मी लिहून देतो, पाटील. तुम्ही वाचा."

"वाचता आलं असतं त पाटीलकी कायले केली असती?"

"मग आयत्या वेळी सुचेल ते बोला."

पाटलाची बायको रुख्मिणी सरकी काढत बसली होती. ती म्हणाली, "तसं नोका करू, पंतोजी. आयत्या वेळी यायले फक्त शिव्या सुचतात."

तेव्हा पाठ करायचं ठरलं. पंतोजी सांगत, खुशालराव म्हणे, आणि रुख्मिणी सरकी काढता काढता दर वाक्याला "हूं" करी. आमच्याकडे कोणी सांगू लागला की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला. मग सांगणाराही थांबतो. दिवाळी सरेपर्यंत भाषण पक्कं झालं.

साहेब आला, चिंचेखाली खुर्चीत बसला. मराठी त्याला बरी समजे. खुशालरावाने मुजरा केला आणि पहिलं वाक्य खणखणीत म्हटलं, "सरकारच्या राज्यात वलगावची रयत सुखात आहे."

मग तो थांबला. साहेबही थांबला. दुसरा बोलत असताना मध्ये आवाज करणं विलायतेत असभ्य समजतात.

खुशालराव मागे वळून पुटपुटला, "पंतोजी, हा झोपला काय?"

"डोळे उघडे आहेत त्याचे."

"मंग हूं काहून नाही म्हणत?"

"तुम्ही पुढचं बोला ना."

"हूं आल्याबिगर पुढचं येत नाही जी."

पंतोजींनी घाईघाईने हूं केलं, पण ते संस्कृत वळणाचं निघालं. खुशालरावाला त्यातून काही आठवलं नाही.

भाषण संपलं असं समजून साहेब उठला. इतकं थोडक्यात बोलणारा पाटील त्याला आजवर भेटला नव्हता. त्याने खुशालरावाचा हात हातात घेऊन तसं सांगितलंही. या गावाची तक्रार नाही, असं शिरस्तेदाराला म्हणून तो घोड्यावर बसला.

घरी रुख्मिणीने विचारलं, "काय म्हणला साहेब?"

"काईच नाही म्हणला. थेच त झालं."

त्या वर्षीचा पूल तिवशाच्या वाटेवर झाला. तिथे कोणी भाषण केलं नव्हतं. साहेबाचा घोडा नाल्यात रुतला होता.