बाबांच्या गाडीचं नवं इंजिन

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू आहे तशी चालत नाही. पंखा आणला तरी आधी उघडून बघणार, मग लावणार. माझ्या बाबांची गाडी त्याच्या हातात पडली त्याच दिवशी मी कपाळाला हात लावला होता.

बाबांनी जन्मभर बेकरीची व्हॅन चालवली. गाडी दुसऱ्याची, पाव दुसऱ्याचे, झोपमोड तेवढी स्वतःची. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गाडी घेतली, निळी, दोन दारांची, तीही वापरलेली. आई गेल्यानंतर रोज संध्याकाळी ते या गाडीतून नदीपर्यंत एकटेच जाऊन यायचे. त्या फेरीवरच त्यांचा दिवस उभा होता. मग इंजिन धूर ओकायला लागलं आणि गाडी आमच्या शेडमध्ये आली. ती पुन्हा चालावी आणि आपण चालवावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"साधं इंजिन बसव," मी नवऱ्याला म्हटलं. "जुन्या बाजारात हवं तेवढं मिळतं."

"साधं तर सगळेच बसवतात. आपण रोटरी बसवू."

त्याने साबणाची वडी तिकोनी कापली आणि रिकाम्या डब्यात फिरवून दाखवली. या इंजिनात पिस्टनचे दट्टे वर-खाली होत नाहीत, तीन कोनांचा रोटर गोल फिरत राहतो. म्हणून इंजिन लहान, हलकं आणि पळायला पिसाट. बाबा डोळे मोठे करून बघत होते. जावयावर त्यांचा फार जीव. "जावईबापू, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले. तिथेच माझं ऐकणारं घरात कुणी उरलं नाही. साबण गेला तो वेगळाच.

इंजिन खरंच स्वस्तात मिळालं. महाग पडलं ते नवऱ्याचं एक वाक्य: "आता एवढं करतोच आहोत, तर..." एवढं करतोच आहोत, तर ताकद वाढवायला टर्बो लावू. टर्बोने इंजिन तापणार, म्हणून मोठा रेडिएटर. ताकद वाढणार, म्हणून दणकट गिअरबॉक्स. गाडी पळणार म्हटल्यावर थांबायलाही हवी, म्हणून नवे ब्रेक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! रोज जेवणं झाली की दोघं टेबलावर हिशेब मांडून बसायचे आणि माझ्या स्वयंपाकघराचा गळका नळ पुढच्या महिन्यावर जायचा.

"जुना क्लच एवढी ताकद पेलणार नाही, घसरेल," मिस्त्री म्हणाला. मग क्लचही नवा आला, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला, कडक.

जावयाचा खर्च वाढतोय हे बाबांना खात होतं. पैसे देऊ केले तर तो घेईना. एकदा तो सहज म्हणाला, "वजन कमी केलं की तीच ताकद जास्त वाटते, आणि तेही फुकटात." झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा पाना घेऊन गाडीत. मागची सीट काढली, पायाखालचं जाजम काढलं, दारांचे आतले पत्रे काढले. प्रत्येक वस्तू ते काट्याला लटकवायचे आणि मोठ्यांदा वजन सांगायचे. शेवटी चालकाशेजारची सीटही काढली.

"अहो बाबा, ती तरी राहू द्या," मी म्हटलं.

"बाजूला बसायला आहे कोण आता?" ते म्हणाले. ती सीट कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने गिऱ्हाइकांना बसायला नेली.

या सगळ्यात दीड वर्ष गेलं. बाबांचा डावा गुडघा धरायला लागला होता. जिना उतरताना ते कठड्याला धरून थांबायचे. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "आधी टर्बोशिवायच चालू करू या का? जुन्याच क्लचवर एक फेरी मारतो. बाकीचं मग करा सावकाश."

"बाबा, दोनदा खोलावी लागेल. मजुरी दुप्पट."

हिशेब बिनचूक होता. बाबांनी मान डोलावली. मला आजही त्या बिनचूक हिशेबाचा संताप येतो.

मग एका रविवारी सकाळी गाडी तयार झाली. बाबा दाढी करून, बुटांना पॉलिश मारून आले. नवऱ्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. इंजिन सुरू झालं तशी शेडची पत्र्याची भिंत थरथरली, आणि बाबा खळखळून हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

त्यांनी क्लचवर पाय ठेवला. पेडल अर्धंच खाली गेलं आणि अडलं. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला, कसाबसा गिअर टाकला, पाय लटपटला आणि गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. नवरा "थोडा जोर लावा" म्हणायला गेला आणि वाकून पेडलच बघायला लागला.

"हा क्लच जरा हलका नाही होणार?" बाबांनी विचारलं.

"हलका केला तर घसरेल, बाबा. एवढ्या ताकदीला हाच लागतो."

"मग ताकद थोडी कमी करा की." चहात साखर कमी घाला म्हणावं, इतक्या सहज ते म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ताकद कमी करायची म्हणजे सगळं पुन्हा उतरवायचं, आणि पैसे केव्हाच संपले होते.

"बरं, मग तुम्हीच चालवा," बाबा दार उघडत म्हणाले. "मी आपला बाजूला..." आणि थांबले. बाजूला उघडा पत्रा होता. तिथले बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने काढले होते. "असू दे, असू दे. तुम्ही आणा फिरवून. मी इथून बघतो."

नवरा एकटा निघाला आणि कोपऱ्यावरूनच परत आला. गाडी बंद करून आत तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर ओरडायचं मी कितीतरी दिवस ठरवून ठेवलं होतं, पण मलाच रडू फुटलं.

"बाबा," तो म्हणाला, "एकदा तरी सांगायचं होतंत, की मला नुसती चालवायचीय."

बाबा दाराला टेकून गुडघा चोळत होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "त्यासाठीच चाललंय सगळं."