"झाकण काढलंस?"

चित्रानं दुर्बिणीच्या तोंडावरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि फोनमध्ये सांगितलं, "काढलं."

"दव?" केयूरनं विचारलं.

"नाही."

"ढग?"

"नाही. औंधच्या बाजूला थोडा धूर दिसतोय, पण तुझा घोडा काही तिकडे नाही."

"बरं. चल, ठेवतो मग. मीटिंग आहे."

फोन बंद झाला. झाकण होतं तिथंच होतं. चित्रानं हात काढून घेतला आणि पदराला पुसला, जणू काही लागलं होतं. इंजेक्शन दुखत नाही, यापलीकडे तिनं मुलाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची थोडी गंमत वाटली आणि बरीचशी भीती. मग नदीवरून डासांचा थवा वर आला, तशी ती जिना उतरून खाली गेली.

जुन्या सांगवीतल्या तिच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक छोटी खोली होती. केयूर चाकणच्या कंपनीत होता तेव्हा सुट्टीचे दिवस खपून त्यानं ती उभी केली होती. पुढं कंपनीनं त्याला दीड वर्षासाठी जर्मनीला पाठवलं आणि आता तिसरं वर्ष चालू होतं. तिकडचं आभाळ सबंध हिवाळा गोधडी पांघरून बसतं, त्यामुळं दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या तो सांगवीतली दुर्बीण चालवायचा. खोलीचं छप्पर मोटरीनं सरकायचं. दुर्बीण आपण होऊन वळायची. तिच्या मागचा कॅमेरा स्वतःला बर्फापेक्षा गार करून घ्यायचा, म्हणजे म्हणे फोटोत खोटे ठिपके येत नाहीत. एवढा सगळा जामानिमा त्यानं केला आणि झाकणाला मोटर लावायची तेवढी राहून गेली. ते आई काढायची. सकाळी फुलं तोडायला वर गेली की परत लावायची.

सांगवीच्या या झगझगाटात दिसणार काय, असं गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारून घेतलं होतं. पहिल्यांदा चित्रानंही विचारलं होतं. केयूर म्हणाला, कॅमेऱ्यापुढे एक गाळणी असते. ती सगळा उजेड अडवते आणि हायड्रोजनचा एकच एक लाल रंग आत सोडते. रस्त्यावरचे दिवे, पलीकडचे टॉवर, लग्नाच्या हॉलची रोषणाई, सगळे बाहेर. चित्राला ते चटकन पटलं. लग्नघरात दाराशी एखादी खमकी आत्या उभी असते, ती नेमकी आपली माणसं तेवढी आत घेते, तसंच हे. चिंचवडच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात उभी हयात तिनं मोठमोठे नकाशे ट्रेस केले होते. नको त्या रेषा सोडून हवी ती रेष उचलायची म्हणजे काय, हे तिला वेगळं समजावून सांगायला नको होतं.

केयूर ज्यांचे फोटो काढायचा त्यांना मराठीत तेजोमेघ म्हणतात हे कळल्यावर मात्र तिनं त्याला सोडलं नाही. "म्हणजे रात्रभर ढगच बघतोस आणि ढग आले की चिडतोस," असं ती म्हणाली होती आणि तो बराच वेळ हसला होता. सध्या त्यानं मृग नक्षत्रातला एक तेजोमेघ धरला होता. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाशेजारी, लाल धुरात काळ्या घोड्याचं डोकं. एक फोटो पाच मिनिटांचा, असे शेकडो फोटो एकावर एक ठेवायचे, तेव्हा कुठं तो घोडा वर येतो. म्हणजे कितीतरी संध्याकाळी त्याचा फोन येणार, एवढा हिशेब चित्रानं मनातल्या मनात केला होता.

फोन रोज यायचा. झाकण, दव, ढग, ठेवतो. ठरलेले प्रश्न आणि ठरलेली उत्तरं. "तू कशी आहेस" यात कुठं बसत नव्हतं, आणि बसवावं असं तिनंही कधी सुचवलं नाही. पोराला काम असतं, असं ती शेजारणीला सांगायची आणि शेजारीण मान हलवायची, तेव्हा चित्राला तिचा फार राग यायचा.

एकदाच वेगळं झालं होतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी काचेवर दव बसलं. केयूरनं घाईघाईनं व्हिडिओ लावला. चित्रा केस वाळवायचं मशीन घेऊन काचेवर लांबून गरम वारा सोडत उभी राहिली आणि काच कोरडी होईपर्यंत दोघांना दुसरं काही कामच नव्हतं. त्याची घरमालकीण फार कटकटी आहे. तिकडे मेथी मिळत नाही. त्यानं मिशी काढली आहे. मिशी काढून चार महिने झाले होते आणि आईला ते त्या दिवशी कळलं. "कसा दिसतो?" त्यानं विचारलं. "सोललेल्या बटाट्यासारखा," ती म्हणाली. त्या रात्री तिला छान झोप लागली होती.

त्यानंतर दव काही पडलं नाही. तिनं वाट पाहिली, पण दव सांगून थोडंच पडतं. शेवटी आज तिनं झाकणच ठेवून दिलं.

आता त्याला सगळा अंधारच दिसेल. पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत फोन येईल. आई, अगं झाकण? मग ती म्हणणार, अरे हो रे, काढलं म्हणाले आणि विसरलेच की, थांब हं, जाते. आणि जिना चढता चढता बोलता येईल. वर गेल्यावरही बोलता येईल. तिनं फोन ओट्यावर ठेवला, कूकरची शिट्टी मध्येच वाजायला नको म्हणून भात पातेल्यात लावला. भांडी घासायची ठेवली, नळाच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही तर काय घ्या. भात झाला. ताट वाढून झालं. जेवून झालं. फोन आपला मुकाट पडून होता.

सकाळी मेसेज दिसला. "आई, काल झाकण राहिलं वाटतं. अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. झाकण लावून काढलेले काळे फोटोही लागतातच, त्यांना डार्क म्हणतात. खऱ्या फोटोतून ते वजा करायचे असतात. मला घ्यायचेच होते, आयतेच मिळाले. थँक्यू."

तिनं तो दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम एक काम बिघडवलं, तर तेही उपयोगी पडलं. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ते तिनं कोणी बघत नसतानाही पटकन पुसले.

पुढच्या रविवारी जयदीप आला. केयूरचा चाकणच्या कंपनीतला मित्र, राहायला मोशीला. बगलेत एक खोकं होतं. ते घेऊन तो सरळ गच्चीवर गेला आणि चित्रा चहा घेऊन वर पोचेपर्यंत त्यानं दुर्बिणीच्या तोंडाशी बिजागरीचं नवं झाकण बसवलंसुद्धा. त्यानं मोबाइलवर बोट ठेवलं. झाकण घर्र करत उघडलं आणि बाजूला जाऊन थांबलं.

"झालं बघा काकू. आता तुम्हाला वर यायचं कामच नाही. संध्याकाळी आपलं आपण उघडणार, सकाळी आपलं आपण बंद."

"हे कोणी सांगितलं बसवायला?"

"कोण सांगणार? केयूरच. मागं झाकण राहिलं ना तुमच्याकडून, तेव्हापासून पाठीच लागलाय राव माझ्या. म्हणतो, काढलं म्हणाली खरी, पण आईचे गुडघे दुखत असणार, जिना चढवत नसणार, आणि ती काही मला सांगायची नाही. त्या दिवशी फोनसुद्धा केला नाही म्हणे त्यानं. केला असता तर तुम्ही परत वर चढला असता."

चित्रानं चहाचा कप पुढं केला. जयदीपनं तो घेतला, तरी तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला.

"हे बिघडतं का रे?"

"नाही हो. आणि बिघडलंच तर मला फोन करा. मोशीहून यायला कितीसा वेळ लागतो. तुम्ही मात्र हात लावू नका."

त्या संध्याकाळी रोजच्या वेळेला ती गच्चीवर गेली. छप्पर सरकलं. झाकण उघडलं. दुर्बीण पूर्वेकडे वळली आणि मृगापाशी जाऊन स्थिर झाली. सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. चित्रा हातात फोन धरून उभी राहिली आणि डास चावायला लागले तेव्हा खाली आली. सोमवारीही तसंच झालं. केयूरची चूक काहीच नव्हती. त्यानं आईचा त्रास वाचवला होता, आणि आई वर जातच नसेल तर दव, ढग तरी कुणाला विचारणार. त्याच्यावर रागवावं तर कशावरून, हेच तिला सापडेना. एकटं वाटतं हे तिला नवं नव्हतं, पण आपणच आपल्या हातानं दार लावून घेतलं हे मात्र फार लागलं.

मंगळवारी झाकण उघडून झाल्यावर तिनं फोन लावला. ऑफिसच्या वेळेत आपण होऊन फोन करायचा नाही हा नियम तिचा तिनंच घातलेला होता.

पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. "आई? काय झालं? झाकण उघडलं नाही का?"

"उघडलं."

"दव आहे?"

"नाही."

"मग ढग?"

"नाही रे. स्वच्छ आहे."

"मग?"

त्याचे प्रश्न संपले होते आणि तिची उत्तरंही.

"माझे गुडघे दुखत नाहीत, केयूर."

"अगं, पण मला वाटलं की..."

"त्या दिवशीही दुखत नव्हते."

तिकडे कुणीतरी जर्मनमध्ये बोलत होतं, कपांचा आवाज येत होता. मग एक दार लागल्याचं ऐकू आलं आणि ते सगळे आवाज थांबले.

"म्हणजे झाकण..." तो म्हणाला.

"हो," चित्रा म्हणाली.