तिसरी हाक

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, एक बुवा राहते, हे मले धम्मानं सांगतलं. धम्मा म्हणजे माहा भाऊ धम्मरत्न. वयानं दोन वर्षांनी मोठा, गप्पा हाणण्यात दहा वर्षांनी. बुवाचे डोळे लाल, तोंडातून फेस, अन् आवाज मात्र आपल्या घरच्याच माणसाचा. भर दुपारी तो नाव घेऊन हाक मारते, पण दोनच वेळा. तिसरी हाक भुताले जमत नाही. म्हणून तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही. वस्तीतले सारे पोरं हा नेम पाळत. बाबा हासत. म्हणत, आपण बुद्धाचे माणसं, आपल्या घरी भूत कायले येईन?

त्या वर्षी राळेगावकडं कपाशी अशी माजली होती का उभा माणूस आत दिसे ना. बोंडअळीच्या भेवानं जो तो फवारत सुटला होता. बाबाही तांड्यावरच्या रामसिंगभाऊच्या वावरात फवाराले जात. रविवार होता म्हणून आईनं डबा अन् पाण्याची बाटली आमच्या हाती दिली.

वावराच्या बांधाले, धुऱ्यावर पोचलो तं बाबा दिसेनात. आतून बॅटरीच्या पंपाची घरघर येत होती. तेवढ्यात हाक आली, "दीपे."

मी तोंड उघडलं, तं धम्मानं त्यावर हात ठेवला. "थांब."

"दीपे..." दुसरी हाक घोगरी होती.

आम्ही उभेच राह्यलो. तिसरी आली नाही. धम्मा पांढराफटक पडला. "पाह्य, तोच हाय. चाल," म्हणत हा बहाद्दर डबा टाकून तांड्याकडं पळाला. अन् आम्हाले भेवाडणारा हाच.

मीही पळाली असती. पण पंपाची घरघर एकाच जागी होती. बाबाचा पंप कधी उभा राहत नाही, कपाशीच्या ओळीओळीनं सरकत राहते. भूत काय पंप पाठीवर घेऊन बसते? मले रडू येऊन राह्यलं होतं अन् धम्माचा रागही. "मरू दे तुह्या बुवाले," म्हणलं अन् घुसली आत.

पानं तोंडावर फटके मारत होते. औषधाच्या वासानं घसा जळत होता. अन् एकदम समोर तो बसलेला दिसला. धम्मानं सांगतला तसाच. डोळे लालभडक, तोंडाले फेस, हात थरथर. अंगात बाबाचा निळा सदरा. तो माह्याकडंच पाहत होता, पण मी त्याले दिसत नव्हती. यानं बाबाले खाल्लं अन् सदरा घातला, हेच डोक्यात आलं.

त्याचे ओठ हलले. "दीपे."

ती तिसरी होती. इतकी हळू, का धुऱ्यावर कोणाले ऐकू गेली नसती.

"ओ," मी म्हणलं. "ओ, बाबा."

पंपाचे पट्टे खांद्यावरून ओढून काढले. ओला सदरा काढून फेकला. बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं अन् नरडं फाटेस्तोवर बोंबलली. धम्मानं तांड्यावर जाऊन भूत भूत केलं होतं. रामसिंगभाऊ त्याले म्हणाला, "भूत नाही लेका, तुह्या बाबाले फवाऱ्याचं औषध चढलं असन," अन् गाडी काढून आला.

यवतमाळच्या दवाखान्यात बाबा वाचले. नजर मात्र अधू झाली ते झालीच.

घरी आल्यावर त्यायनं एकदाच विचारलं, "मी हाका मारल्या. ओ काहून नाही दिली?"

मी सांगतलं, "तिसरीची वाट पाहून राह्यलो होतो, बाबा."

वाटलं, बाबा हासतीन. नाही हासले. "तिसरी मारली तवा मले वाटलं, आता ऐकाले कोणी नाही," ते म्हणाले.

वस्तीतले पोरं अजूनही तो नेम पाळतात. आमच्या घरी बाबानं नुसतं "दी" म्हणलं, का मी ओ देते.