चारशे बारावी ओळ

ग्लेनिस पॅस्को माझी शेजारीण. बर्नी गावात समुद्राकडच्या उतारावर आमची घरं इतकी जवळ आहेत, की तिचं विणकामाचं यंत्र चालू झालं की त्याची खरखर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. यंत्राला नक्षी सांगतो एक लॅपटॉप. १९९४ सालचा, करडा, विटेसारखा जाड. नक्षीचा प्रोग्रॅम फक्त त्यावरच चालतो. नव्या मशीनवर चालवायचा प्रयत्न आम्ही दोनदा करून बघितला आणि दोनदा हात जोडले.

ऑक्टोबरच्या प्रदर्शनात लोकरीच्या विभागात ग्लेनिसचा सहा वर्षं सलग दुसरा नंबर आला होता. यंदा तिनं टेबल केपच्या दीपगृहापासून एमू बेच्या धक्क्यापर्यंतचा सगळा किनारा एका लांब पट्ट्यावर विणायचा ठरवला. अकराशे ओळी. जून ते ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळाभर, आलेखाच्या कागदावर रंग भरले, मग एकेक ओळ लॅपटॉपमध्ये घालायला बसली. चारशे बाराव्या ओळीनंतर पडद्यावर अक्षरं आली: मेमरी अपुरी.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "मेमरी वाढवू. तू तोवर कशाला हात लावू नकोस."

मी विम टर्पस्ट्रा. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज दुरुस्त केली. माझ्या बोलण्यावर तिनं विश्वास ठेवला, हीच तिची चूक.

मेमरीचं पहिलं कार्ड पर्थहून आलं. खाचेत नीट बसलं. लॅपटॉप चालू केला तर तो तीनदा केकाटला आणि पडदा काळाच. कार्ड दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं निघालं. दिसायला तंतोतंत सारखं, आतून वेगळं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, फोटो तर बघितला होतात ना?"

दुसरं अॅडलेडहून मागवलं. दहा दिवस गेले. ग्लेनिस रोज कुंपणावरून विचारायची, "आलं का रे?" आणि मी रोज "येईल" म्हणायचो. आलं त्या दिवशी तिच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. स्क्रू ज्यात बसतात ते प्लास्टिकचे खांब बिस्किटासारखे चुरले. बिजागरीही सुटली. माझ्या तोंडून डचमधली शिवी गेली.

"ती काय होती?" ग्लेनिसनं विचारलं.

"प्रार्थना."

"मग मोठ्यानं कर, मीही म्हणते."

गोंद, चिकटपट्टी, चिमटे. चार तास. अखेर मशीन सुरू झालं आणि आकडे चढत चढत वीस एमबीवर थांबले. आधी चार होते. मी विजयानं हात वर केले. ग्लेनिसनं खरोखर टाळी वाजवली. मग तिनं नक्षी उघडली, चारशे तेरावी ओळ घालायला घेतली.

मेमरी अपुरी.

"पुन्हा कर," मी म्हणालो. तिनं केलं. पुन्हा तेच. मी स्वतः बसलो, कळा बडवल्या. तेच.

"विम, घरी जा," ती म्हणाली. "चहा देत नाही आता."

तीन दिवस मी जुनं माहितीपुस्तक घेऊन बसलो. जेवण कसंबसं. तिसऱ्या दिवशी एका तळटीपेत सापडलं. हा प्रोग्रॅम इतका जुना, की मशीनमधली सुरुवातीची चिमूटभर मेमरीच त्याला वापरता येते. पुढे कितीही जोडा, तो तिकडे बघतसुद्धा नाही. पाच आठवडे मी जे करत होतो त्याचा नक्षीशी काडीचा संबंध नव्हता.

सांगायला गेलो तर दारातच यंत्राची खरखर ऐकू आली. ग्लेनिस विणत होती.

"कसं जमलं?"

"चारशे बारा ओळींची फाइल ठेवून दिली. पुढच्या ओळींची दुसरी केली, मग तिसरी. पहिली विणून झाली की टाके सुयांवर तसेच ठेवून दुसरी लावायची."

"अगं, मग हे आधी का नाही केलंस?"

तिनं यंत्र थांबवलं. वळून माझ्याकडे बघितलं. "कारण तू म्हणालास, कशाला हात लावू नकोस."

तळटीपेचं मी त्या दिवशी सांगितलंच नाही.

ती सकाळ-संध्याकाळ विणत राहिली, पण प्रदर्शनाची नोंदणी शुक्रवारी बंद झाली आणि पट्टा रविवारी पुरा झाला. शनिवारीच मी गाडी काढून प्रदर्शनाच्या कचेरीत गेलो होतो, दोष माझा आहे असं सांगितलं. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "दरवर्षी कुणाचा तरी असतोच."

रविवारी ग्लेनिसनं मला पट्टा धरायला बोलावलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या घरातल्या बोळातून आम्ही तो पसरत नेला. समुद्र, खडक, ट्यूलिपच्या शेतांचे पट्टे. खरंच सुंदर होता. मग ती वाकली आणि एका जागी बोट ठेवलं. फाइल बदलताना एक ओळ दोनदा विणली गेली होती. किनाऱ्याला तिथे बारीकशी पायरी पडली होती.

"दिसतंय?"

"नाही."

"खोटारड्या."

"बरं, दिसतंय. पण परीक्षकांना नसतं दिसलं."

"मला दिसतंय ना. आणि आता वर्ष आहे हातात."

तिनं वरचं टोक सोडलं आणि धागा ओढायला सुरुवात केली. एमू बेचा धक्का आधी गेला. मी खुर्ची ओढून समोर बसलो, आणि ती उसवत गेली तशी निळी लोकर गुंडाळत राहिलो.

"घट्ट नको गुंडाळूस," ती म्हणाली. "हे तरी माझं ऐक."