हरायला बसलेली माणसं

मुंगी शाळेत आणखी एकाला चावल्यावर मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि अतिशय प्रेमाने सांगितलं, की समुपदेशक मॅडमनी ‘मुलगी आता वर्गात बसू शकते’ असं लिहून देईपर्यंत तिला पाठवू नका. फाटकावर ‘इथे सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी होती. ती नुकतीच नव्याने रंगवली होती, म्हणून आईने बाहेर पडताना साडी जरा सावरून धरली.

मुंगी नऊ वर्षांची. तिच्या तपासणीच्या कागदावर तीन लांबलचक शब्द होते. ते आजोबांनी कधी वाचले नाहीत. कागद पुढे केला की त्यांना चष्मा सापडत नसे. मुंगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण ती निघाली की सरळ जायची आणि मध्ये कोणी आलं तर त्याला वळसा घालायची. चावणं तेव्हा नव्हतं. ते आजोबा गेल्यावर सुरू झालं.

मॅडमच्या खोलीत भिंती पिवळ्या होत्या आणि उशा इतक्या गुबगुबीत, की माणूस बसला की निम्मा गडप व्हायचा.

“घरी काय खेळते?” मॅडमनी विचारलं.

“व्हिडिओ गेम. गाड्यांच्या शर्यतीचा. आजोबांबरोबर खेळायची.”

“आणि आता आजोबा?”

“गेले.”

“अरेरे. मग स्पर्धा आधी बंद करूया.” जणू आजोबा स्पर्धेनेच गेले होते. “जिंकण्या-हरण्याचा ताण साठतो मुलांमध्ये. मी तुम्हाला शांतवणारे गेम सांगते. एकात बी लावायचं, पाणी घालायचं, रोप वाढतं. एकात हसरा ढग असतो, तो मुलांना त्यांच्या भावना विचारतो.”

“तुम्ही खेळून बघितलेत?”

“मी? छे हो, वेळ कुठे मिळतो? पण लोकांनी फार छान लिहिलंय त्यांच्याबद्दल. आणि हो, तिच्यासमोर चिडायचं नाही. चेहरा हसरा, आवाज सौम्य.”

आईला हे अवघड नव्हतं. आजोबा म्हणजे तिचेच वडील; ते गेल्यापासून ती सगळ्यांसमोर इतकी शांत वागली होती, की नातेवाईक तिच्या धीराचं कौतुक करून करून थकले होते.

रोपाच्या गेमवर मुंगीने अख्खी दुपार पाणी ओतलं. तिला ते बुडवायचं होतं. रोप बुडेना, ते हसत हसत वाढतच राहिलं. शेवटी मुंगी स्वतःच्या मनगटाला चावली. मग ढग आला. “आज तुला कसं वाटतंय?” ढगाने विचारलं. मुंगीने रागावलेला चेहरा दाबला. “रागावणंसुद्धा छान असतं!” ढग म्हणाला. मुंगीने पुन्हा तोच चेहरा दाबला. ढगाला पुन्हा छान वाटलं. असं बराच वेळ चाललं, आणि मग मुंगीची चप्पल पडद्यावर बसली. पडद्याला तडा गेला. तड्याच्या दोन्ही बाजूंनी ढग हसत होता.

रविवारी मुंगीचा मामा आला, मामीला घेऊन. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे लोकांना कशाची भीती वाटायला हवी हे त्याला आधीच ठाऊक असायचं. शिवाय त्याने यावर कुठेतरी एक लेख वाचला होता.

“ताई, गेम बदलायची गरजच नाही,” तो म्हणाला. “बाबांची शर्यतच लाव. फक्त तिला जिंकू द्यायचं. आत्मविश्वास वाढतो.”

“तुला येतं का खेळायला?”

“हरायला काय यावं लागतं?”

तो मुंगीशेजारी ऐसपैस बसला. त्याची गाडी दूध आणायला निघाल्यासारखी चालली होती. “अरे वा! मुंगी पुढे! आता मामाचं काही खरं नाही!” प्रत्येक वळणावर तो असं काहीतरी म्हणत होता. मुंगीची गाडी शेवटच्या रेषेजवळ पोचली आणि थांबली. मामाची गाडी मागून रखडत आली. तीही, शिष्टाचार म्हणून, थांबली.

“जा ना राणी.”

मुंगी गेली नाही. पडद्यावर दोन गाड्या बँकेच्या रांगेत उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या.

“बहुतेक अडकलंय मशीन,” मामा म्हणाला.

“अडकलं नाहीये. तुम्ही पुढे जा की,” मामी मागून म्हणाली.

“मी कसा जाऊ? मला हरायचंय.”

“मग नीट हरा ना. एक काम दिलंय.”

त्यावर मामा जे हसला, ते खोटं हसू मुंगीला सहन झालं नाही. तिने रिमोट फेकला. तो मामाच्या कपाळावर बसला. मामीने बर्फ आणला आणि चष्मा आधीच काढून ठेवायला हवा होता असं मत दिलं.

“ताई, बाबा कसे गं सांभाळायचे हिला?” बर्फ धरून मामाने विचारलं.

“हरायचे.”

“तेच तर मी करत होतो.”

ते तो करत नव्हता, हे आईला दिसत होतं. बाबा कधीच हरायला बसले नव्हते. अख्खा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात काढलेला माणूस, पण त्या गेममधला रस्ता काही त्यांच्याच्याने पार व्हायचा नाही. वळणाबरोबर ते अंगासकट वळायचे, दात-ओठ खायचे आणि तळ्यात जाऊन पडायचे. मग कोणी आखला हा रस्ता, काढा त्याला नोकरीवरून, म्हणून असा तोंडाचा पट्टा सुटायचा, की मुंगी हसून हसून लोळायची.

पाहुणे गेल्यावर आई मुंगीशेजारी जाऊन बसली. शर्यत सुरू झाली. पहिल्याच वळणावर ती तळ्यात गेली आणि बाबांच्या आवाजात म्हणाली, “कोणी आखला हा रस्ता?”

मुंगीने पडद्यावरची नजर न काढता तिच्या तोंडावर हात ठेवला.

“बरं,” आई हाताआडून म्हणाली. “मग मी तुला हरवते.”

हात निघाला.

आई मन लावून खेळायला लागली. मुंगीला बरं वाटावं, शाळेने घ्यावं, मॅडमनी लिहून द्यावं, हे सगळं मागे पडलं. तिला फक्त ते तळं ओलांडायचं होतं. एकदा पडली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तर गाडी अगदी काठाने निघाली होती, आणि तरी धपकन पाण्यात. तिच्या कानशिलाशी रक्त उसळलं. इतक्या दिवसांत ती कोणावर चिडली नव्हती. डॉक्टरांवर नाही, धीर द्यायला आलेल्यांवर नाही.

“मुंगे! मला ढकललंस तू?”

“हो.”

“ही लबाडी आहे.”

“हो.”

“तळ्याशी आलं की मुद्दाम येऊन धडकतेस? लाज नाही वाटत?”

“नाही,” मुंगी म्हणाली, आणि तिचे खांदे हसण्याने हलायला लागले.

आई थांबली. “आजोबांनाही ढकलायचीस?”

“हो. रोज.”

“त्यांना कळायचं?”

“नाही.”

आईने रिमोट मांडीवर ठेवला. नाक पुसलं. मग म्हणाली, “परत लाव. आता मी ढकलते.”

त्यानंतर घरात रोज संध्याकाळी भांडणं व्हायला लागली. शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून काही हवं-नको विचारलं. मुंगीच्या मनगटावरचे व्रण मात्र फिके पडत गेले.

मॅडमकडे जायचा दिवस आला तेव्हा आईने गेम बरोबर घेतला. “शर्यतच?” मॅडमच्या हसऱ्या कपाळाला आठी पडली. “बरं, मी स्वतःच खेळून बघते तिच्याबरोबर.” आणि त्या खेळल्या. म्हणजे हरल्या, हळूहळू, गोड आवाजात. रेषेपाशी येऊन मुंगीने गाडी थांबवली आणि मॅडमकडे असं पाहिलं, की आईने पटकन तिच्या हातातला रिमोट पकडून ठेवला.

“बघितलंत?” मॅडम कुजबुजल्या. डोळ्यांत पाणी होतं. “जिंकत असूनसुद्धा थांबली ती. माझ्यासाठी. ढगाचा परिणाम आहे हा.”

आईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण मॅडमनी पेन उघडलं होतं. त्यांनी लिहायला सुरुवात केली: संयम, सहानुभूती, लक्षणीय प्रगती. आईने सगळं गिळलं आणि त्या लिहीत असेपर्यंत हसरा चेहरा, सौम्य आवाज असं सांभाळून बसली.

जिन्यात मुंगी म्हणाली, “त्या बाई खोटं खेळतात.”

“हो. पण शिक्का खरा दिलाय. उद्या शाळेत जायचंय तुला.”

मुंगीने चार पायऱ्या विचार केला.

“शाळेतसुद्धा खोटं खेळतात.”

“माहीत आहे.”

“मग चावू?”

“नाही. घरी येऊन मला सांगायचं. मग मी चिडते.”

“खरंच चिडशील?”

“तेवढं मला येतं आता,” आई म्हणाली, आणि मुंगीला ते पटलं असावं, कारण उरलेल्या पायऱ्या ती आईला वळसा न घालता, बरोबरीने उतरली.