माझ्या टाकीतलं शेवाळ

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. इंग्लंडमधल्या एका कॉलेजात खिडकीशी उभं असतं. माझ्या अंगात काचेच्या टाक्या, नळ्या आणि रंगीत पाणी. हे पाणी म्हणजे देशाचा पैसा. कराची तोटी पिळली की दुकानांची टाकी उतरते, बचतीची सोडली की कारखान्यांची चढते.

मला घडवलं अर्थशास्त्राच्या पेंगली सरांनी, युद्धातल्या भंगारातून. "बघा पोरांनो, देश असा चालतो. तीच तोटी, तेच उत्तर!" असं म्हणत ते मला थोपटायचे, तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

शेजारच्या वर्गात ऑडलीबाई अर्थशास्त्राचा इतिहास शिकवायच्या. चहाचा कप घेऊन त्या दारात यायच्या आणि सरांना डिवचायच्या.

"आर्थर, माणसं काय नळ आहेत? ती शिकतात, सवयी लावून घेतात, बदलतात. बाजार वाढतो रे, बागेसारखा. हे डबडं काय सांगणार?"

"मग जा की बागेत! इथे कशाला कडमडतेस, विनिफ्रेड?" असं म्हणत सर बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवायचे.

एका उन्हाळ्यात सर माझ्या तोट्या बंद करून सुट्टीला गेले. पाणी तसंच ठेवलं. बंद केलेलं यंत्र जसंच्या तसं राहतं, अशी त्यांची खात्री! पण खिडकीतून ऊन येत होतं. माझ्या टाक्यांत शेवाळ धरलं.

सुट्टी संपताच विश्वस्त आले. मला ठेवायचं की भंगारात घालायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. सरांनी कराची तोटी पिळली. शेवाळाने नळी तुंबली होती. पाणी भलत्याच टाकीत चढलं आणि थेट अध्यक्षांच्या बुटांवर सांडलं. सर अगदी कानकोंडे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हलवा हे इथून!" अध्यक्ष खेकसले.

"थांबा," ऑडलीबाई पुढे झाल्या. "तोटी तीच आहे, पण यंत्र कुठे तेच राहिलंय? अख्खा उन्हाळा त्याच्या अंगात मुरलाय. देशाचंही असंच होतं. आता आम्ही दोघं मिळून यावर शिकवू." मग हळूच म्हणाल्या, "आर्थर, एक टाकी घासू नकोस हं. माझ्यासाठी."

मी वाचलं. दर शनिवारी सर माझ्या टाक्या घासायचे. हिरव्या टाकीपाशी आले की "काय हा गचाळपणा!" म्हणून कुरकुरायचे आणि ब्रश खाली ठेवायचे.

सर आता नाहीत. मला डबडं म्हणणाऱ्या बाईच काठी टेकत येतात आणि माझ्या काचा पुसतात. मित्रांनो, त्यांचे हात थकले की कुणीतरी येत जा. माझं पाणी बदला, टाक्या लख्ख घासा. फक्त त्या हिरव्या टाकीला ब्रश लावू नका. सरांनी ती बाईंसाठी राखली आहे.