पेन्सिलीची फुली

स्नेहलता कंपनीची डायरेक्टर होती, पण नावापुरती. शशिकांत पेन्सिलीने फुली मारून देई, तिथे ती सही करी आणि पुन्हा भाजी चिरायला वळे. नवऱ्याने पुढे केलेला कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती शिकली होती. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला त्याचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस होतं, जवळच अप्पर हटला घर होतं, आणि ‘आमचं जोरात चाललंय’ हे मराठी मंडळात सांगताना तो कधी थकत नसे.

२००९ साली फुली मारलेले कागद आले ते यशोधनसाठी. यशोधन शशिकांतकडचा प्रोग्रॅमर, पुण्याहून आलेला. त्याचा वर्क व्हिसा संपत आला होता आणि नवा देण्याआधी इमिग्रेशनने मालकाचे हिशेब मागवले होते: पगार द्यायची ऐपत आहे का ते दाखवा, दोन्ही डायरेक्टरांच्या सह्यांनिशी. त्याच्या बायकोला, सुरुचीला, सातवा लागला होता. इथे तिचं माहेर म्हणजे स्नेहलताच. शनिवारी डोहाळजेवण ठरलं होतं.

“काकू, पेपर्स एकदा बघाल ना? एक पान राहिलं तरी सगळं परत पाठवतात,” सुरुची फोनवर म्हणाली, म्हणून स्नेहलता आयुष्यात पहिल्यांदा वाचायला बसली.

कागदांवर नफाच नफा होता. पण शशिकांत पडला विसरभोळा. त्याच गठ्ठ्यात अकाउंटंटने दिलेली मूळ प्रतही राहून गेली होती. तीत सगळा तोटा. मालकाचा पगार शून्य. घर बँकेकडे गहाण, आणि तेही तिच्याच सहीने. तिने दोन्ही प्रती शशिकांतपुढे ठेवल्या.

“हे काय आहे?”

त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. “मंदी आहे, स्नेहा. क्लायंट्स गेले. यशोधनचा पगार कसाबसा निघतो. नवं प्रोजेक्ट येईपर्यंत असं दाखवायचं. मुलगी बघायला यायचे तेव्हा आपल्याकडे शेजारचा सोफा आणायचे, तसंच हे.”

“सोफ्यावर मला सही करावी लागत नव्हती.”

“खरे आकडे दिले तर पोरांना परत जावं लागेल. तिच्या अशा दिवसांत.”

तिला त्याचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. राहतं घर गहाण पडलं तेव्हा ती बहुतेक फोडणी देत होती. शेवटी तिने मूळ प्रत ओढून घेतली, सही केली, आणि शेजारच्या रेघेवर पेन्सिलीने फुली मारली.

“इथे तुम्ही करा.”

शशिकांतने मान खाली घालून सही केली.

यशोधनला मी सांगतो, असं तो म्हणाला होता. शनिवार आला तरी त्याच्याने सांगवलं नव्हतं. सुरुची हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसली होती, आणि बायका हसत तिला वाट्या उघडायला लावत होत्या. स्नेहलता ओटी भरायला पुढे झाली.

“काकू, सही झाली ना?” सुरुचीने हळूच विचारलं.

“झाली.” स्नेहलताने नारळ तिच्या पदरात ठेवला. एवढ्यावरच थांबणं किती सोपं होतं. “पण खऱ्या हिशेबांवर केली, बाळा. कंपनी तोट्यात आहे. व्हिसा बहुधा मिळणार नाही.”

सुरुची ओटी सावरत उठली. तिने बाकी सगळ्या बायकांना वाकून नमस्कार केला, आणि स्नेहलतासमोरून तशीच पुढे गेली.